कॉलेजात सेल कल्चर नाही, तरी व्हायरॉलॉजीत पुढे जाता येईल का? (सांगली)

मिरजकर_मायक्रो:
एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष. पुढे व्हायरॉलॉजी किंवा इम्युनॉलॉजीत पीएच.डी. करायची आहे. कॉलेजात सेल लाइन (विषाणू वाढवायला लागणाऱ्या प्राण्यांच्या पेशी) नाही, सीओटू इन्क्युबेटरही नाही. ऑटोक्लेव्ह, लॅमिनार, सेंट्रिफ्यूज, वॉटर बाथ एवढंच. शेरी नाल्याच्या सांडपाण्यातून ई. कोलायचे फेज (जिवाणूंना लागण करणारे विषाणू) वेगळे करायचं डेझर्टेशन ठरतंय. मुलाखतीत याला किंमत मिळेल का? आणि डबल लेयर प्लेटवर (खाली घट्ट अगार, वर जिवाणू आणि फेज घातलेलं मऊ अगार) लॉन, म्हणजे जिवाणूंचा सलग थर, गुठळ्यागुठळ्यांचं येतंय, प्लाक (फेजने जिवाणू मारून पाडलेले डाग) मोजताच येत नाहीत. कुठे चुकतंय?

वाई_४१२८०३:
किंमत मिळते, आकडे स्वतः काढलेले असतील तर. प्राण्यांच्या विषाणूंसाठी प्लाक पद्धत रेनाटो डल्बेको यांनी १९५२ मध्ये आणली, तीच मुळी फेजच्या पद्धतीवरून. मुलाखतीत एमओआय (एका जिवाणूमागे किती फेज) हमखास विचारतात: १ कोटी जिवाणूंवर १० लाख फेज घातले तर किती? ०.१. हे झटकन सांगता आलं पाहिजे, आणि अशा वेळी बहुतेक जिवाणू कोरडेच राहतात हेही.

परीक्षांचं थोडक्यात. पीएच.डी.साठीच्या सीएसआयआर नेट आणि गेट यांचे अर्ज वेगवेगळे भरावे लागतात. नेट लाइफ सायन्सेसला २०० गुण. क भागातल्या ७५ प्रश्नांपैकी २५च सोडवायचे, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. सगळा पेपर सोडवायच्या नादात लोक इथेच गुण घालवतात. पुण्याच्या एनआयव्हीचं (राष्ट्रीय विषाणू संस्था) एम.एस्सी. व्हायरॉलॉजी बी.एस्सी.नंतरचं आहे, तुम्ही त्याच्या पुढे आलात. तिथे किंवा एनसीसीएसमध्ये (पुण्याचीच पेशीविज्ञान संस्था) आता पीएच.डी.साठीच बघा.

फेजवाला:
गुठळ्या म्हणजे सॉफ्ट अगार ओतायच्या आधीच गोठतंय. ०.७ टक्के अगारच्या ४ मिलीच्या नळ्या ४७-४८ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा, एका वेळी एकच बाहेर काढा, आणि खालची १.५ टक्क्यांची प्लेट आधी ३७ अंशांवर आणून ठेवा. फ्रिजमधल्या गार प्लेटवर ओतलं की पसरायच्या आतच घट्ट होतं. तापमान ५० च्या वर गेलं तर ई. कोलाय मरतो, मग लॉनच विरळ येतं आणि आपण फेजला दोष देत बसतो.

क्रम असा: ०.१ मिली फेज + ०.३ मिली जोमाने वाढणाऱ्या (लॉग) अवस्थेतलं जिवाणूंचं कल्चर, १० मिनिटं तसंच ठेवायचं (फेज चिकटायला), मग सॉफ्ट अगारमध्ये घालून हलकेच फिरवायचं. जोरात हलवलं तर बुडबुडे येतात आणि ते प्लाकसारखे दिसतात. रात्रभर ठेवलेलं जुनं कल्चर थेट वापरू नका. ताज्या ब्रॉथमध्ये घालून पुन्हा वाढवा. विरलन डिस्टिल्ड वॉटरमध्ये नको, मॅग्नेशियम असलेल्या एसएम बफरमध्ये (फेज ठेवायचं क्षारांचं द्रावण) करा. ०.१ मिली अधिक ०.९ मिली, आणि दर नळीला नवी टिप. जुनीच वापरली तर टिपला चिकटलेले फेज पुढच्या नळीत जातात आणि टायटर (मिलीमागे फेजची संख्या) उगाच फुगतो.

३० ते ३०० प्लाकची प्लेटच मोजा. १० लाख पट विरल नळीतून ०.१ मिली घेऊन ८४ प्लाक आले, तर मूळ नमुन्यात मिलीला ८४ कोटी पीएफयू (प्लाक पाडणारे फेज).

नाल्याचं पाणी पावसाळ्यात फार पातळ होतं, तेव्हा सरळ प्लेटिंग न करता ४० मिली पाणी, १० मिली पाचपट तीव्र ब्रॉथ आणि थोडं कल्चर असं रात्रभर वाढवा. मग सेंट्रिफ्यूज आणि ०.२२ मायक्रॉन फिल्टर. क्लोरोफॉर्म वापरणार असाल तर पॉलिस्टायरीनच्या नळीत नको, नळीच विरघळते. यजमान म्हणून के-१२ (ई. कोलायचा प्रयोगशाळेतला वाण) घ्या, रुग्णाकडचा जिवाणू नको. सांडपाण्यात काय काय असतं ते सांगायला नको. ग्लोव्हज घाला आणि वापरलेलं सगळं १२१ अंशांवर २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करून मगच टाका.

मिरजकर_मायक्रो:
धन्यवाद. इम्युनॉलॉजीशी याचा सांधा कुठे? आणि काही प्लाक मध्यभागी धुरकट आहेत, ते मोजायचे का?

साताऱ्याची_सीरॉलॉजी:
सांधा पीआरएनटीत आहे, म्हणजे प्रतिपिंडं विषाणूला किती रोखतात ते मोजणं. सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवतात, कारण त्यातलं कॉम्प्लिमेंट (रक्तातली संरक्षक प्रथिनं) निकालात लुडबुड करतं. मग दुप्पट-दुप्पट विरलनं, तितक्याच आकारमानाचा विषाणू, ३७ अंशांवर एक तास, आणि व्हेरो पेशींवर (माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी). प्लाक निम्म्यावर आणणारं शेवटचं विरलन हा टायटर. एक घोळ नेहमी होतो: १:१० सीरममध्ये तितकाच विषाणू घातला की अंतिम विरलन १:२० होतं. टायटर कोणत्या आकड्यावर सांगितलाय ते वहीत लिहिलेलं नसेल तर दोन लॅबचे निकाल जुळत नाहीत.

फेजवर हेच करायला सशात अँटिसीरम तयार करावं लागतं, त्याला प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते. एम.एस्सी.च्या मुदतीत ते धरू नका.

फेजवाला:
धुरकट प्लाक मोजा, पण वेगळ्या रकान्यात. बहुधा टेम्परेट फेज आहे: काही जिवाणूंत तो जीनोममध्ये बसून राहतो, ते जिवाणू मरत नाहीत आणि प्लाकच्या मध्ये वाढतात. डेझर्टेशनला स्वच्छ प्लाकवाला निवडा. निर्जंतुक टिपने एकच प्लाक टोचून १ मिली एसएममध्ये सोडा, पुन्हा प्लेट करा. असं सलग तीनदा. त्याआधी डीएनए काढलात तर दोन फेजचं मिश्रण हाती येईल.