सुटून आलेला मुलगा चक्कीवर ठेवलाय, गिऱ्हाइकं बिचकतात

लष्करची चक्कीवाली:
ग्वाल्हेरला लष्कर भागात आमची पिठाची चक्की आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनची. वाड्यातल्या जुन्या भाडेकरूंचा मुलगा मारामारीच्या केसमध्ये साडेचार वर्षं आत होता, दिवाळीनंतर सुटला. लहानपणी वाड्याच्या गणपतीत आरतीला झांजा हाच वाजवायचा. मी त्याला कामावर घेतलं. बाजरीवर गहू कधी टाकत नाही, दगडाला टाकीसुद्धा स्वतः लावतो.

अडचण डबे पोचवण्याची. तीन घरांनी सांगितलं, त्याला पाठवू नका. एका काकूंनी डबा दाराबाहेरच ठेवायला लावला. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून सायकलला हात लावत नाही. त्याला कायमचं मागे दगडापाशी बसवायचं मला पटत नाही. गुन्हा काय ते लोकांना सांगू का? न सांगावं तर सगळे चोरीच धरून चालतात.

मुरारचे काका:
ताई, १४ एप्रिल १९७२ ला जौऱ्याला जयप्रकाशजींपुढे चंबळच्या बागींनी, म्हणजे डाकूंनी, शरण येऊन बंदुका ठेवल्या, तेव्हा मी कॉलेजात होतो. त्याआधी १९६० मध्ये विनोबांपुढे वीस जण आले होते. त्यातल्या मोहरसिंगला पुढे मेहगावच्या लोकांनी नगराध्यक्ष केलं, आणि त्याच्यावर तर खुनाचे कितीतरी गुन्हे होते! पण त्या बागींच्या पाठीशी सर्वोदयवाले गांधीवादी कार्यकर्ते उभे होते, त्यांच्यातल्या सुब्बारावांचा आश्रम होता. या पोराला तुम्हीच आहात. आठ दिवस त्याच्याबरोबर घरोघर जा.

वकील, जीवाजीगंज:
काकांनी १९६० आणि १९७२ एकत्र केलं. मोहरसिंग १९७२ चा. खासगी कामावर ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचं कलम १२ शिक्षेमुळे येणारी अपात्रता काढतं, पण ते कोर्टानं प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या अटीवर, सोडलेल्यांसाठी. यानं शिक्षा भोगलीय. गुन्हा सांगायचा की नाही, ते मात्र आधी त्याला विचारा. गोष्ट त्याची आहे.

एकटी राहणारी:
मीही डबा बाहेरच ठेवायला लावला असता. दार उघडायला भीती वाटते, ती खोटी नाही. पण तुम्ही आधी येऊन सांगितलं असतं, तर निदान त्याच्याशी दोन शब्द बोलले असते.

लष्करची चक्कीवाली:
तुमचं म्हणणं लागलं मनाला. मी न सांगताच त्याला पाठवलं, चूक माझी. आज त्याला विचारलं. म्हणाला, "काकूंना मीच सांगतो, तुम्ही फक्त बरोबर चला." उद्या त्यांची ज्वारी आहे, पाच किलो. सकाळी दोघं जातोय.