मदत हवी आहे: १ दहा वेळा लिहिला की गणित फिरतं का?

शाळेनंतर गणिताशी संबंध तुटला, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आम्ही डोंबिवलीकर. आमच्या स्टेशनाचं जुनं नाव डेम्लो. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी त्यावरूनच १२१, १२३२१ अशा (११, १११ यांच्या वर्गांसारख्या) संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिलं, असं भाचीला कौतुकाने सांगायला गेलो आणि स्वतःच अडकलो.

१११११११११ (नऊ वेळा १) चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. एक्सेलमध्ये केला तर शेवटी २१ च्या जागी ००! पंधरापुढचे अंक ते धरतच नाही. मग पाठकोऱ्या कागदावर गुणाकार मांडला.

भाचीने त्यावर कापरेकरांचीच दुसरी गंमत लावली. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५, तसा वर्ग तोडायचा; उजवीकडे मूळ संख्येइतके अंक ठेवायचे. पाच वेळा १ घेतला तर १२३४ + ५४३२१ = ५५५५५. आठ वेळा घेतला तर १२३४५६७ + ८७६५४३२१ = ८८८८८८८८. नऊला सगळे ९. जितके १, तितकी पट!

दहाला मात्र गाडी घसरली. वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१, आणि १२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११. दसपट राहिली बाजूला, मूळ संख्याच परत आली. म्हणजे ४५ सारखीच ही चक्क कापरेकर संख्या! मी म्हटलं, दहाला मधे हातचा येतो, त्याचा हा प्रताप. भाची म्हणते, “मामा, हातच्याने नेमकी तीच संख्या कशी येईल?” यावर माझी बोलती बंद. कुणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद

भाचीचा संशय रास्त आहे. हातच्याने वर्गाचं फक्त रूप बिघडतं.

डावा तुकडा ड, उजवा उ. वर्ग म्हणजे ड गुणिले (१ वर दहा शून्यं) अधिक उ. त्यातून ड + उ वजा करा, उरतं ड × ९९९९९९९९९९. म्हणून या दहा नवांनी वर्गाला भागा नाहीतर ड + उ ला, बाकी एकच. आणि दहा नव म्हणजे तुमच्याच संख्येची नऊपट. त्यामुळे मूळ संख्येला ९ ने भागून जी बाकी उरते, तितकी पट येते. ९ ने भागल्यावरची बाकी अंकांच्या बेरजेवरूनच कळते: बेरीज ५ तर पाचपट, ८ तर आठपट. १० ला ९ ने भागून बाकी १, म्हणून एकपट. नऊला बाकी शून्य, पण दोन तुकड्यांची बेरीज शून्य कशी होणार? म्हणून तिथे पूर्ण नऊपट.

अकरा वेळा १ घेऊन बघा. सगळे २ यायला हवेत.

धागाकर्ता

घेतले! १२३४५६७९०१ + २०९८७६५४३२१ = २२२२२२२२२२२. मनापासून आभार. म्हणजे एकोणीसला पुन्हा मूळ संख्या येणार ना? भाचीने वही आडवी धरून गुणाकार मांडायला घेतलाय.