येळवशीनंतर सगळं घर तापानं पडलं. आई बरी झाली अन् धाकटा आयसीयूत, असं का?

आडतवाला_उदगीर

राम राम मंडळी. पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

उदगीरच्या मोंढ्यात आमची आडत आहे. यंदा येळवशीला (वेळा अमावास्येला) शेतात चाळीस-पंचेचाळीस माणूस होतं. कोपीची (कडब्याच्या खोपटाची) पूजा, भज्जी, उंडे, आंबील, सगळं दरवर्षीसारखं. पुण्याहून आलेला एक भाचा दिवसभर शिंकायलता अन् आंबिलीचा तांब्या त्याच्यासकट सगळ्यांच्या हातातून फिरला. तिसऱ्या दिवशी घरातली सहा माणसं अंथरुणात.

आई ७१ वर्षांची, तीन वर्षांमागं अँजिओप्लास्टी झालेली. सगळ्यांचा जीव तिच्यातच अडकला. लातूरच्या तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी फ्लूच्या गोळ्या चालू करायला सांगितल्या, ७५ ची, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. तेच दर साली तिला कसलं तरी इंजेक्शनही देतात. सहाव्या दिवशी बाई वट्यावर बसून तूर निवडायलती.

अन् धाकटा भाऊ, वय ३८. उंची पाच फूट चार इंच, वजन १०८ (दिवाळीत हमालांनी गमतीनं काट्यावर उभा केलता). पोतं एका झटक्यात पाठीवर घेणारा गडी. दोन वर्षांपासून शुगर आहे, गोळी आठवली तर घ्यायची. त्याला इथल्याच एका दवाखान्यात तीन दिवस रोज सलाईन अन् सुई. सुई दिली की घाम येऊन ताप उतरायचा अन् हा दुकानात येऊन बसायचा. पाचव्या दिवशी जिना चढताना मधल्या पायरीवर बसला तो बसलाच. ओठ जांभळे. बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं तर ८४. लातूरला नेला. शुगर ४३०, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, स्वॅबमध्ये एच१एन१, म्हंजे स्वाइन फ्लू. नऊ दिवस आयसीयू. आता घरी आहे, पण वट्यापासून फाटकापर्यंत गेला की दम लागायलाय.

फ्लू म्हाताऱ्यांना जड जातो असंच ऐकत आलो. मग आमच्या घरात उलटं कसं झालं? त्यात भावाची बायको पाच महिन्यांची गरोदर आहे. तिला अजून काही झालेलं नाही, तिचं काय करावं? पाहुणे म्हणायलेत नजर लागली. नजरेचं मला कळत नाही, मी हिशेब विचारायलोय.

गोदाकाठचा_म्हातारा

नांदेडला तीस वर्षं फिजिशियन म्हणून काढली, आता निवृत्त आहे.

तुमच्याकडे उलटं काहीच झालेलं नाही. आई धोक्याच्या यादीत होत्याच, वय ६५ च्या वर आणि त्यात हृदय. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं म्हणून औषध दुसऱ्या दिवशी पोटात गेलं. त्या गोळीचा, म्हणजे ओसेल्टामिवीरचा, खरा उपयोग लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत. उशीर झाला तरी गंभीर रुग्णाला देतातच, पण पहिल्या दोन दिवसांची सर येत नाही. दर साली मिळणारं इंजेक्शन बहुधा फ्लूची लस असणार. ती घेऊनही फ्लू होतो, पण जिवावर बेतायचं प्रमाण कमी होतं. हृदयाचे डॉक्टर ती का देतात तेही ऐका: २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात फ्लूच्या निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचं प्रमाण सुमारे सहापट दिसलं.

तुमचा भाऊ त्याच यादीत दोनदा होता आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४१ च्या आसपास निघतो, म्हणजे ४० च्या वर. पोट मोठं असलं की आडवं झाल्यावर छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जातो, फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही. न्यूमोनिया झाला की राखीव जागाच उरत नाही. शुगर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. अंगातली ताकद वेगळी आणि ही गोष्ट वेगळी. २००९ ला याच एच१एन१ ची साथ आली, देशातला पहिला मृत्यू पुण्यात ऑगस्टमध्ये नोंदला गेला, तोही शाळकरी मुलीचा. त्या साथीतच लठ्ठपणा हा स्वतंत्र धोका म्हणून ठळकपणे पुढे आला. जुने एच१एन१ विषाणू लहानपणी पाहिलेल्या म्हाताऱ्यांना तेव्हा थोडं संरक्षण होतं, तरण्यांना नव्हतं.

बाकीची यादी तुम्हाला कुठेही मिळेल: दमा, किडनी, लिव्हर, केमो किंवा स्टेरॉइड चालू असलेले, पाच वर्षांखालची मुलं आणि त्यातही दोनच्या आतली.

एक विचारतो. त्या सुईत काय होतं? कागद आहे का?

ज्वारी_बाजरी

हे सगळं मैद्याचं पाप आहे. भाकर खाणाऱ्याला फ्लूबिलू काही होत नाही.

आडतवाला_उदगीर

@ज्वारी_बाजरी भाऊ भाकरच खातो. पाच.

ओपीडीतली_ताई

सरकारी दवाखान्यात नर्स आहे, जिल्हा सांगत नाही. दादा, भावाच्या बायकोचं आधी बघा.

गरोदरपणात गर्भाशय वर चढतं, फुप्फुसाला जागा कमी पडते, हृदयाला काम वाढतं, आणि प्रतिकारशक्तीही वेगळी वागते. बाळंतपणानंतरचे दोन आठवडेसुद्धा धोक्यातच धरायचे. फ्लूची लस त्यांना चालते. मारलेल्या विषाणूची, दंडात द्यायची ती. नाकात फवारायची जिवंत लस गरोदर बाईला देत नाहीत. संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून आज-उद्या करू नका. आईचं संरक्षण बाळालाही पोचतं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही, म्हणून दुहेरी फायदा. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायांना आमच्याकडं मोफत देतो, साठा असेल तेव्हा. आधी फोन करून जा.

ताप आला तर स्वॅबच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. आमच्याकडं रुग्ण अ, ब, क असे लावतात. साधी सर्दी-खोकला अ मध्ये. पण तोच साधा ताप गरोदर बाईला, शुगरवाल्याला, हृदयवाल्याला असला तर तो ब मध्ये जातो आणि त्याला गोळी चालू करतात. धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ग्लानी, नखं निळी, बीपी उतरणं हा क, तो तडक भरती. बाळ असेल तर दूध सोडणं, सारखं किरकिरणं. तुमचे भाऊ पहिल्या दिवशीच ब होते, त्यांना अ समजून घरी ठेवलं गेलं.

आणि मध्ये एखादा दिवस बरं वाटून परत ताप चढला तरी थांबू नका. फ्लूच्या मागून जिवाणूंचा न्यूमोनिया येतो.

केजची_सून

माझ्या सासूबाईंचं सांगते. विडीला कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढं गेली, तुराट्या आणि पऱ्हाट्या जाळून. दर हिवाळ्यात खोकला. आम्ही म्हणायचो, त्यांचं तसंच आहे. मागच्या ऊसतोडीला कोल्हापूरकडं टोळीसोबत गेलेल्या, तिथं कोपीत ताप आला. उचल घेतलेली, मुकादम म्हणाला दोन दिवस बघू. दोनाचे पाच झाले. भरती केल्यावर डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, किती वर्षं सिगारेट ओढतात? सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट दम लागायचा आजार होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता. यादीत आपलं माणूस आहे हे कळायला आधी आजार तरी माहीत पाहिजे ना.

वाचल्या त्या. गॅस आलाय, पण भाकर चुलीवरचीच पाहिजे म्हणतात.

आडतवाला_उदगीर

सगळ्यांचे आभार. भावजयीला काल लस दिली. दंड दुखायलाय म्हणाली, बाकी काही नाही. भावाची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) काढली, ९.८ आली. तो काल स्वतःहून काट्यावर उभा राहिला, ९८. हमाल म्हणले दहा किलोची तूट कुणाच्या खात्यावर टाकायची?

डॉक्टर साहेब, कागद सापडला. त्याच्या शर्टाच्या खिशात होता, धुण्यात गेलेला. फक्त एक ओळ वाचता यायलीय. पहिली अक्षरं 'डेक्सा' अशी दिसायलीत, पुढं ८ एमजी, अन् तीन तारखा.

गोदाकाठचा_म्हातारा

डेक्सामेथासोन. स्टेरॉइड आहे. घाम येऊन ताप उतरायचा तो त्यानंच, आणि शुगर ४३० वर जायला त्याचाही हात असणार. फ्लूमध्ये असं स्टेरॉइड देऊ नये, विषाणू अंगात जास्त दिवस रेंगाळतो. कागद वाळवून फाइलला लावा. आणि भावाला सांगा, पुढच्या वेळी सुई घ्यायच्या आधी नाव विचार.