ठाणे खाडीच्या चिखलातला कार्बन कोडने मोजावा का?

खाडीकाठचा
ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, क्षेत्र ६,५२१ हेक्टर. तिच्या चिखलात किती कार्बन साठलाय याचा नकाशा पायथन किंवा आर या प्रोग्रॅमिंग भाषा वापरून आता व्हायलाच हवा, असं माझं मत. गणित साधं आहे. घनसेंटिमीटरला ०.८ ग्रॅम कोरडी माती, तीत २ टक्के सेंद्रिय कार्बन, खोली १ मीटर, म्हणजे हेक्टरी १६० टन. जागोजागचे नमुने, सेंटिनेल-२ उपग्रहाची फुकट मिळणारी चित्रं आणि रँडम फॉरेस्ट (नमुन्यांवरून शिकून बाकी जागांचा अंदाज देणारं संगणकी मॉडेल) एवढं पुरतं. कोड खुला ठेवला की कुणीही तपासू शकेल आणि 'ही पडीक दलदल' म्हणून भराव टाकणं अवघड होईल.

चिखलपाय
साफ असहमत. उपग्रहाला तिवरांची पानं दिसतात, खालचा मीटरभर चिखल नाही. भरती-ओहोटीनुसार चित्रही बदलतं. आणि ते ०.८ आलं कुठून? मऊ चिखलात नमुना घ्यायची नळी दाबली की आतला चिखल दबतो. नळी मीटरभर खाली जाते, आत भरतो ८५ सेंटिमीटर. ही नोंद वहीत नसेल तर घनता फुगलेलीच राहते. दुरुस्ती केली तर ०.८ चे ०.६८ होतात आणि तुमचे १६० टन १३६ वर येतात. शिंपल्यांचा चुरा आम्लाने काढला नसेल तर चुन्यातला कार्बनही सेंद्रिय म्हणून मोजला जाईल. कोडला यातलं काय कळतं? पण रंगीत नकाशा पुढे आला की बैठकीत तोच खरा ठरतो.

खाडीकाठचा
दोन्ही लांब्या लिहून ठेवा, ही दुरुस्ती कोडची एक ओळ आहे. एक्सेलमध्ये हाताने बदललेला आकडा कुणी, का बदलला हे वर्षभराने कोण सांगणार? शिवाय एकच आकडा छापायचा नाही. घनता आणि कार्बन थोडे वर-खाली करत हजार वेळा गणित चालवायचं आणि किमान-कमाल दोन्ही द्यायचे.

आकडेमोडी
मॉडेलची परीक्षा कशी घेणार, तेही सांगा. नमुने सरमिसळ करून वाटले तर ऐरोलीच्या काठावरचा एक नमुना शिकवायला आणि शेजारचाच तपासायला जातो. मग अचूकता झकास दिसणारच! ऐरोली पूर्ण बाजूला ठेवा, खाडीपलीकडच्या भांडुपच्या बाजूवर शिकवा, मग ऐरोलीचा अंदाज मागा. तिथे मॉडेल आपटलं तर नकाशा छापूच नका.

चिखलपाय
हे पटलं. पण नेरूळच्या डीपीएस तलावाचं काय? भरतीला खाडीतला चिखल बुडाला की फ्लेमिंगो तिथे येऊन थांबतात. तिथला कार्बन कमी निघाला तर भराव टाकणारा तुमचाच नकाशा पुढे करेल.

खाडीकाठचा
आकडा नव्हता म्हणून उरणच्या पाणथळी वाचल्या का?

चिखलपाय
नाही वाचल्या. तरी पक्ष्यांच्या नोंदी आणि नमुन्यांची वही कोडच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये ठेवणार असाल तरच मी नळी घेऊन येतो.