बैठकांच्या ध्वनिमुद्रणासाठी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ हवेच का?

मंडळाचा चिटणीस
आमचे संगीत मंडळ आपल्या मासिक बैठकांचे ध्वनिमुद्रण आजवर सीडीच्याच मापाने, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर, करीत आले आहे. (बिट म्हणजे ध्वनीच्या प्रत्येक नमुन्याची पातळी किती बारकाईने नोंदली जाते याचे माप; किलोहर्ट्झचा आकडा, म्हणजे सॅम्पल रेट, सेकंदाला असे किती हजार नमुने घेतले जातात ते सांगतो.) जुना रेकॉर्डर आता बदलावा लागणार असून, यापुढे सर्व मुद्रण २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर करावे असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे. मंडळाच्या कपाटात जुन्या बैठकांच्या स्पूल टेपही आहेत आणि त्यांचेही अंकीकरण, म्हणजे डिजिटल फाइलींत रूपांतर, करायचे आहे. या प्रस्तावाला कोणाचा विरोध असल्यास तो सकारण मांडावा, अशी विनंती आहे.

खर्ज
प्रस्तावात दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. त्यांपैकी २४ बिटला माझा पूर्ण पाठिंबा आहे. एका बिटमागे सुमारे ६ डेसिबल या हिशेबाने १६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. पण बैठकीत आलापाच्या वेळी लावलेली पातळी तबला सुरू झाल्यावर आणि द्रुत तानांत तशीच टिकेल याची शाश्वती नसल्याने मुद्रण करणाऱ्याला वर किमान २० डेसिबल मोकळे सोडावे लागतात, आणि तेवढा पल्ला हातचा जातो. २४ बिटवर ही मोकळीक निर्धास्तपणे सोडता येते. ९६ किलोहर्ट्झचे मात्र तसे नाही. ४८ किलोहर्ट्झवर त्याच्या निम्म्या, म्हणजे २४ किलोहर्ट्झ कंपनसंख्येपर्यंतचे सर्व स्वरांश नोंदले जातात, आणि माणसाचा कान तरुणपणीसुद्धा २० च्या आसपास थांबतो. मेयर आणि मोरन या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च रेझोल्यूशनचे, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या मापाचे, मुद्रण आणि तेच सीडीच्या मापातून काढलेले मुद्रण यांतला फरक श्रोत्यांना ओळखायचा होता. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरे ४९.८ टक्के आली, म्हणजे नाणेफेक केली असती तरी एवढीच आली असती.

जुनी टेप
त्याच चाचण्यांवर असा आक्षेप घेतला गेला आहे की, ऐकवलेल्या काही तबकड्यांचे मूळ मुद्रणच खऱ्या अर्थाने उच्च रेझोल्यूशनचे नव्हते. संशोधक जोशुआ राइस यांनी २०१६ साली अशाच १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आले, आणि प्रशिक्षित श्रोत्यांत ते बरेच अधिक होते. फरक सूक्ष्म आहे हे मला मान्य आहे, परंतु माझा मुद्दा आजच्या कानांपुरता नाही. बैठक एकदाच होते, कलाकार पुन्हा तसा गात नाही, आणि आज जे नोंदले नाही ते पुढे कोणत्याही यंत्रातून काढता येणार नाही. साठवणूक स्वस्त झालेली असताना ही काटकसर कशासाठी?

खर्ज
साठवणुकीचाच हिशेब मांडू. स्टिरिओ मुद्रणाला २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर तासाला सुमारे १ गिगाबाइट लागतो, तर ९६ वर २. तीन तासांची बैठक ९६ वर ६ गिगाबाइटच्या पुढे जाते, आणि रेकॉर्डर ज्या साच्यात ध्वनी साठवतात त्या साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ गिगाबाइट असल्याने अनेक रेकॉर्डर मध्येच नवी फाइल उघडतात. तो सांधा विलंबित ख्यालाच्या ऐन भरात आला की नंतर जोडत बसावे लागते. शिवाय फाइलच्या किमान तीन प्रती ठेवायच्या, त्या वेळोवेळी तपासायच्या आणि दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर न्यायच्या, हे काम स्वयंसेवकांनाच करावे लागते. जपणुकीत दुप्पट आकार म्हणजे कंटाळा येण्याची शक्यताही दुप्पट, असे मला वाटते.

पंखा बंद करा
दोघांचेही म्हणणे वाचले. पंखे सुरू असलेल्या सभागृहातली शांतता साधारण ४० डेसिबलची असते आणि मायक्रोफोनपाशी सर्वांत मोठा आवाज फार तर १०० च्या आसपास जातो. म्हणजे प्रत्यक्ष वापरला जाणारा पल्ला ६० डेसिबलचा. खर्ज यांनी मोकळे सोडलेले २० डेसिबल वजा केले तरी १६ बिटमध्ये ७६ उरतात. तेव्हा २४ बिटसुद्धा निकडीचे नाही. तोच पैसा दोन चांगल्या मायक्रोफोनांवर आणि स्टँडवर खर्च करावा, कारण तानपुऱ्याची जवारी मुद्रणात हरवते ती मायक्रोफोन लाउडस्पीकरच्या तोंडाशी ठेवल्यामुळे. सॅम्पल रेटचा त्यात काही संबंध नसतो.

खर्ज
मायक्रोफोनांबद्दल सहमत आहे. मात्र आज दुकानात मिळणारा साधा रेकॉर्डरसुद्धा २४ बिटचा असतो, त्यामुळे त्यासाठी वेगळा पैसा मोजावा लागणार नाही. ३२ बिट फ्लोटचे, म्हणजे त्याहूनही कितीतरी मोठा पल्ला नोंदणारे, रेकॉर्डर पातळी लावण्याची चिंता आणखी कमी करतात. पण मोठ्या आवाजाने मायक्रोफोनमध्येच ध्वनी फाटला तर तेही काही करू शकत नाहीत.

जुनी टेप
स्पूल टेपचा प्रश्न कोणीच हाती घेतला नाही, म्हणून लिहितो. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयासाची, मार्गदर्शक तत्त्वे अ‍ॅनलॉग, म्हणजे टेपसारख्या डिजिटल नसलेल्या, मुद्रणांच्या अंकीकरणासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सांगतात, आणि ९६ चीही शिफारस करतात. टेपवरचे खरखरीचे आणि टकटकीचे अंश श्राव्य मर्यादेच्या वरही पसरलेले असू शकतात आणि ते नोंदलेले असतील तर पुढे दुरुस्ती करणाऱ्या सॉफ्टवेअरला दोष ओळखणे सोपे जाते. टेप झिजत चालली आहे; पुन्हा लावण्याची संधी मिळेलच असे नाही.

खर्ज
स्पूलसाठी ९६ मला मान्य आहे. त्यांची संख्या मर्यादित आहे आणि ते काम एकदाच करायचे आहे. दर महिन्याच्या बैठकांना तोच नियम लावण्यास माझा विरोध कायम आहे.

मंडळाचा चिटणीस
बैठकांसाठी २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ, स्पूलसाठी २४ बिट आणि ९६, असा सुधारित मसुदा कार्यकारिणीपुढे ठेवतो. मायक्रोफोनांचा खर्च त्यात स्वतंत्र बाब म्हणून घालतो. पंखे बंद करण्याचा प्रस्ताव मात्र मे महिन्यात मंजूर होईल असे वाटत नाही.