पुरावा तोच, मग मोहेंजोदडोचं 'हत्याकांड' गेलं कुठे?

शंकासूर:
मोहेंजोदडोच्या गल्लीबोळांत आणि घरांत सापडलेले सांगाडे म्हणजे शेवटच्या हल्ल्यात कापले गेलेले लोक, आणि हल्लेखोर आर्य, असं जुन्या पुस्तकांत ठासून लिहिलेलं असतं. नवे लेखक हे साफ नाकारतात. पण त्यांच्यासमोरही हाडं तीच आहेत आणि शहरही तेच. मग मत फिरलं कशाच्या जोरावर? की एका पिढीचा कल जाऊन दुसरीचा आला, एवढंच? शिवाय हल्ला झाला नाही म्हणजे बाहेरून कोणी आलंच नाही, असं ठरतं का?

थरवाचक:
हाडं तीच, पण ती कुठल्या थरात होती हे कोणी नीट विचारलं नव्हतं. सांगाडे निघाले प्रामुख्याने १९२०च्या दशकातल्या उत्खननात. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांना १९४६ मध्ये हडप्पाला कच्च्या विटांची भक्कम तटबंदी मिळाली. ऋग्वेदातला इंद्र 'पुरंदर', म्हणजे पुरं फोडणारा. तटबंदी, इंद्र आणि आधीचे सांगाडे अशी सांगड घालून त्यांनी १९४७ च्या सुमारास हल्ल्याचा सिद्धांत मांडला.

१९६४ मध्ये अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी मूळ अहवाल पुन्हा चाळले. सगळे मिळून सांगाडे जेमतेम तीन डझन, तेही सखल वस्तीतले. बालेकिल्ल्यावर एकही नाही, आणि शेवटची झुंज व्हायची तर तिथेच व्हायला हवी होती. शहराच्या अखेरच्या काळावर जळिताचा सलग थर नाही, पडलेल्या योद्ध्यांजवळ शस्त्रं नाहीत. आणि सगळे सांगाडे एका वेळचेही नाहीत.

घोळ मुख्यतः नोंदींचा. त्या काळी खोली एका ठरावीक बिंदूपासून मोजून लिहीत. पण पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या ढिगाऱ्याचं, टेकाड सपाट नसतं. एकाच पातळीवर एकीकडे जुनी जमीन आणि पाच मीटर अंतरावर शे-दोनशे वर्षांनंतरचा कचरा असू शकतो. सांगाड्याचा काळ ठरवताना आधी वरची चोपलेली जमीन अखंड आहे का ते पाहायचं. ती फुटली असेल तर खड्डा वरून खणलाय, मृत माणूस त्या जमिनीच्या नंतरचा. मग सांगाडा थेट जमिनीवर आहे की मध्ये पडझडीची माती आहे ते पाहायचं. मध्ये माती असेल तर घर आधीच ओस पडलं होतं. चराच्या उभ्या कापात हे चटकन दिसतं. नुसत्या खोलीच्या आकड्यावरून कधीच कळत नाही.

अस्थिबोध:
हाडांची बाजू. प्राचीन हाडांचे अभ्यासक केनेथ केनेडी यांनी हे सांगाडे नव्याने तपासले. मारामारीच्या पटण्याजोग्या खुणा एखाद-दुसऱ्या कवटीवरच निघाल्या, आणि त्यातली एक जखम माणूस जिवंत असतानाच भरून आलेली होती.

ओळखायचं असं: भरलेल्या जखमेची कड गोलसर असते, नवं हाड चढलेलं असतं. मरतेवेळी बसलेल्या घावाची कड तिरपी, गुळगुळीत, आणि रंग बाकीच्या हाडासारखाच. वाळलेलं हाड मातीच्या भाराने किंवा कुदळीने मोडलं तर कड खडबडीत, जवळपास काटकोनात. कुदळीचा घाव नवा असल्याने फिकट दिसतो.

एक मात्र लक्षात ठेवा. पोटात भाला घुसला तर हाडावर खूण उमटेलच असं नाही. त्यामुळे केवळ हाडांवरून 'कोणी मारलंच नाही' म्हणता येत नाही. वरच्या प्रतिसादातला थरांचा मुद्दा जास्त वजनदार आहे.

कोळसाबखर:
तारखा राहिल्या. व्हीलर सिंधू संस्कृतीचा शेवट इसपू १५०० धरत, म्हणजे ऋग्वेदाच्या प्रचलित काळाच्या अगदी जवळ. कार्बन-१४ च्या, म्हणजे कोळसा-धान्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेल्या, तारखा दुरुस्त केल्यावर नागरी टप्प्याचा शेवट इसपू १९०० च्या आसपास गेला. तीन-चारशे वर्षांची फट पडली आणि जुळणीच मोडली.

इथे लोक नेहमी फसतात. कच्चं, म्हणजे दुरुस्त न केलेलं, वय १९५० पासून मागे ३६०० वर्षं आलं तर पूर्वी १९५० मधून वजा करून इसपू १६५० म्हणत. वृक्षवलयांवरून बनवलेल्या दुरुस्ती-वक्रावर तेच वय इसपू १९५० च्या आसपास पडतं. त्यामुळे जुन्या पुस्तकातला आकडा दुरुस्त आहे की कच्चा, हे आधी बघा. दुसरी गोम कोळशाची. कार्बन-१४ चं घड्याळ झाड तोडल्यापासून नव्हे, तर लाकडातलं ते वलय तयार झाल्यापासून चालतं. जाड तुळईच्या गाभ्यातला तुकडा दिला की वय फुगतं. म्हणून एका हंगामाचं जळकं धान्य मिळालं तर तेच पाठवावं.

खापरखुंटी:
थोडं अवांतर. नावंही मत घडवतात. मोहेंजोदडोचा तो प्रसिद्ध 'पुरोहित-राजा' म्हणजे जेमतेम १७.५ सेंटीमीटरचा दगडी अर्धपुतळा. तो पुरोहित होता की राजा, याला काडीचा पुरावा नाही. मोहेंजोदडोच्या 'धान्यकोठारा'तून ते नाव सिद्ध करील असं धान्य निघालं नाही. एकदा फलकावर नाव चढलं की उतरता उतरत नाही.

शंकासूर:
थरांचं पटलं. पण शेवटचा प्रश्न उरलाच. बाहेरून कोणी आलं की नाही?

थरवाचक:
तो प्रश्न वेगळा आणि त्याचा पुरावाही वेगळा. राखीगढी या हरियाणातल्या सिंधू संस्कृतीच्या शहरातल्या एका स्त्रीचा जनुकसंच २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६१ नमुने तपासून कामाचा डीएनए फक्त एकातून मिळाला. तिच्यात स्टेप, म्हणजे युरेशियाच्या गवताळ, प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश सापडला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या, मोठ्या अभ्यासात हा अंश दक्षिण आशियात साधारण इसपू २००० ते १५०० दरम्यान मिसळत गेल्याचं दिसतं. म्हणजे राखीगढीवरून 'कोणी आलंच नाही' असं म्हणणारे नागरी टप्प्यातल्या एका बाईकडून पुढच्या पाचशे वर्षांची साक्ष काढताहेत. आणि आलेल्यांनी मोहेंजोदडो जाळलं असं म्हणणाऱ्यांना जळिताचा थर दाखवावा लागेल.