पडद्यावरची हिंसा आणि शय्यादृश्यं: दाखवायची की चौकटीबाहेर ठेवायची?

लॉकॉलेजरोड: पुण्यातल्या कॉलेजांच्या लघुपटांत हल्ली मारामारी भरपूर असते, पण प्रेक्षकाला मार लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे: हिंसा आणि शरीरसंबंध चौकटीबाहेर ठेवा. ‘सैराट’च्या (२०१६) शेवटी खून दिसतच नाही. आवाज बंद, आणि तान्ह्या पोराची रक्ताळलेली पावलं. वार दाखवले असते तर आपण वारच बघत बसलो असतो.

सदाशिव३०: ‘सैराट’चं पटलं, नियम पटला नाही. डाकू फूलन देवीवरच्या ‘बँडिट क्वीन’ चित्रपटात फूलनला नग्न करून विहिरीवर पाठवतात. ते झाकलं असतं तर बघत उभ्या राहिलेल्या गावाचा गुन्हाही झाकला गेला असता. सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये हेच मानलं, की त्या दृश्याने वासना चाळवत नाही, किळस येते. कॅमेरा कुणाच्या बाजूने उभा आहे ते बघा. तोच वार सेकंदाला ९६ फ्रेमने (चित्रांनी) टिपून २४ ने दाखवला की चौपट संथ होतो आणि मारणारा देखणा दिसायला लागतो. खरा घोळ तिथे आहे.

संकलनटेबल: मार लागत नाही त्याचं कारण साधं आहे. कॅमेरा दोघांना काटकोनात लावतात, मग मूठ आणि गालातली वीतभर फट दिसते. मार खाणाऱ्याच्या खांद्यामागून लावा, मूठ चेहऱ्यासमोरून आडवी जाऊ दे आणि मान त्याच क्षणी वळू दे, आधी नाही. रक्ताला लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको. नुसता लाल रंग दिव्याखाली गुलाबी पडतो.

लॉकॉलेजरोड: तंत्र मान्य. पण शय्यादृश्यात नटांच्या अंगावर हात पडतो तो खराच असतो ना? म्हणून तर मी दार बंद होताना कट म्हणतो.

सदाशिव३०: दार बंद केलंत की त्या दोघांमध्ये आत काय बदललं तेही गेलं. हात खरा असतो, म्हणूनच आधी कागदावर ठरवायचं: स्पर्श कुठे, काय दिसणार, कुठे थांबायचं. तालीम पूर्ण कपड्यांत, हालचाली नाचासारख्या मोजून. चित्रीकरणाला मोजकीच माणसं, मॉनिटरभोवती गर्दी नको. ‘सेटवर बघू’ म्हटलं की संपलं. तीस लोकांसमोर नटीला नाही म्हणता येत नाही आणि ती धास्ती चेहऱ्यावर दिसते.

लॉकॉलेजरोड: एवढी शिस्त पाळणारे किती? शिवाय ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र मिळालं की टीव्हीसाठी वेगळं घ्यावं लागतं, कापाकापी होते आणि तुमचं ते बदललेलं नातं पहिलं उडतं.

सदाशिव३०: मग कापणाऱ्याशी भांडा. लिहिणाऱ्याने आधीच कशाला कापायचं?